बाक मुलीच्या कण्यात, दुखणे आईच्या कमरेत

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी ती बुटाची नाडी बांधायला वाकली असताना तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच दिसली. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी स्कोलिओसिस (कणा बाजूला वळण्याचा आजार) असल्याचे आणि बाक २४ अंशांचा असल्याचे सांगितले. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू, वाढला असेल तर ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधार) लावू, असे ते म्हणाले. तिची पाळी अजून सुरू झालेली नाही. पाठ दुखते असे ती कधीतरी म्हणते. गेली दोन वर्षे मी तिला ‘पोक काढून बसू नकोस’ म्हणून सतत ओरडत आले आहे, दप्तरही जड असते. माझ्या दुर्लक्षामुळे हे झाले का? नुसते थांबून कसे राहायचे? मणके दाबून सरळ करून देणाऱ्या एका गृहस्थांचे नाव नातेवाइकांनी सुचवले आहे, त्यांच्याकडे न्यावे का? मी स्वतः बेचाळीस वर्षांची असून सहा वर्षांपासून माझी कंबर दुखते. फार वेळ उभे राहिले किंवा बसले की दुखणे वाढते, पायात मात्र कळ जात नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी झिजून बाहेर आल्याचे लिहिले आहे. तेव्हापासून मी पट्टा बांधते आणि वाकणे टाळते. माझाच वाकडा कणा तिला मिळाला असेल का? मोठेपणी तिचीही पाठ अशीच दुखणार का?

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ: मी नाच सोडायचा का?)

ताई,

‘माझ्या दुर्लक्षामुळे हे झाले का?’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत जड वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. हे तुमच्या दुर्लक्षामुळे झालेले नाही. दप्तर जड होते म्हणून नाही, ती लोळून वाचते म्हणून नाही आणि तुम्ही आणखी ओरडला असतात तर टळले असते असेही नाही. पोक काढून बसणाऱ्या मुलांची पाठ सांगितल्यावर सरळ होते, कारण तो सवयीचा आणि थकलेल्या स्नायूंचा प्रश्न असतो. स्कोलिओसिसमध्ये कण्याची रचनाच वळलेली असते आणि मुलीने कितीही मनावर घेतले तरी ताठ बसून तो बाक जात नाही. दोन वर्षे तिला तुम्ही जे सांगत होतात ते तिच्या हातात नव्हते, हे तिलाही आज मोकळेपणाने सांगा. ते ऐकण्याची तिला गरज असेल, असे त्या तळाच्या ओळीवरून मला वाटते.

आता हा आजार नेमका काय आहे ते पाहू. बाजूने पाहिले तर प्रत्येकाच्या कण्याला बाक असतोच, मानेशी आणि कमरेशी आतल्या बाजूला, पाठीशी बाहेरच्या बाजूला. तो बाक हवाच, कारण त्याच्यामुळेच चालताना आणि उडी मारताना बसणारे हिसके पेलले जातात. मागून पाहिल्यावर मात्र मणक्यांची रांग सरळ दिसायला हवी. ती डावीकडे किंवा उजवीकडे वळलेली असेल आणि एक्स-रेवर तो कोन १० अंश किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. नुसते बाजूला वळणे एवढेच त्यात नसते. जिन्याची गोल शिडी जशी वळत वर जाते तसे बाकातले मणके स्वतःभोवतीही फिरतात, आणि छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे फिरणारा मणका त्या बाजूच्या बरगड्या मागे ढकलतो. नाडी बांधताना तुम्हाला दिसलेला उंचवटा हाच. विल्यम ॲडम्स या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये रुग्णाला पुढे वाकवून पाठ पाहण्याची जी रीत वर्णन केली, तीच आजही जगभर पहिली तपासणी म्हणून वापरतात. पाय जोडून उभे राहायचे, गुडघे न दुमडता कमरेतून पुढे वाकायचे, दोन्ही तळवे जोडून हात खाली सोडायचे आणि कोणीतरी मागून, डोळे पाठीच्या पातळीवर आणून, दोन्ही बाजू समान आहेत का ते पाहायचे. तुम्ही ही तपासणी नकळत केलीत आणि वेळेवर केलीत. ज्यांना दुर्लक्षाचा दोष लावावा अशा आयांमध्ये तुम्ही बसत नाही. तिला धाकटी भावंडे असतील तर त्यांनाही याच पद्धतीने वाकवून पाहा, कारण हा आजार काही घरांत एकाहून अधिक जणांना झालेला आढळतो.

हा आजार का होतो, याचे उत्तर प्रत्येक मुलात एकच नसते. काही मुलांचा एखादा मणका गर्भातच अर्धवट घडलेला असतो आणि बाक जन्मतःच असतो. काहींच्या बाबतीत मेंदूचा, मज्जारज्जूचा किंवा स्नायूंचा आजार मुळाशी असतो, जसे सेरेब्रल पाल्सीमध्ये किंवा स्नायू क्षीण होत जाण्याच्या आजारांमध्ये. काहींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, म्हणून उभे राहिल्यावर कणा वाकडा दिसतो आणि बसले की सरळ होतो, तो खरा स्कोलिओसिस नव्हे. या सगळ्यांना बाजूला काढल्यावर उरणारा गट सर्वांत मोठा आहे, सुमारे ८० टक्के, आणि त्यांच्यात ठरावीक एक कारण सापडत नाही. दहा ते अठरा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, चांगल्या धडधाकट मुलांमध्ये तो दिसू लागतो. शंभर मुलांमागे दोन-तिघांना तो असतो. लहान बाक मुलांना आणि मुलींना जवळजवळ सारखाच होतो, पण वाढत जाणारा मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी पटींनी अधिक असतो. अनुवंशाचा त्यात वाटा आहे, कारण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला बाक असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण इतर भावंडांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळते. पण हा वाटा एखाद्या एका जनुकाचा नाही, आणि ‘आईचा कणा मुलीला’ इतका सरळ हिशेबही त्यात नाही.

वाईट बसण्यामुळे कणा वाकतो ही समजूत फार जुनी आहे आणि तिला मोठ्या माणसांचा आधार मिळालेला आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांची व्यंगे सुधारण्याच्या शास्त्राला ‘ऑर्थोपेडी’ हे नाव दिले. त्याच्या ग्रंथातले वाकडे रोपटे, जे दोरीने सरळ खुंटाला बांधलेले आहे, ते चित्र आजही हाडांच्या डॉक्टरांच्या अनेक संस्थांचे बोधचिन्ह आहे. चित्र सुंदर आहे, पण त्याने पालकांच्या मनात एक कल्पना घट्ट रुजवली, की वळण वेळेवर लावले नाही म्हणून रोप वाकडे वाढले. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये रणांगणावर मारला गेला आणि २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. कणा तपासल्यावर लक्षात आले की त्याला मोठा स्कोलिओसिस होता आणि तो जन्मतः नसून वाढीच्या वयात सुरू झालेला होता. त्याच्या हयातीनंतर त्या पाठीचा संबंध लोकांनी त्याच्या स्वभावाशी जोडला. वाकलेल्या कण्यासाठी कोणाला तरी जबाबदार धरण्याची माणसाची सवय इतकी जुनी आहे, आणि तुमच्या घरी ती जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेतलीत, इतकाच काय तो फरक.

आता २४ या आकड्याविषयी. हा कोन मोजण्याची पद्धत जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडली. बाकाच्या वरच्या टोकाला सर्वांत कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेवर आणि खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या कडेवर रेषा ओढायच्या आणि त्या दोन रेषांमधला कोन मोजायचा. कोणता मणका टोकाचा धरला आणि मुलगी त्या दिवशी कशी उभी होती, यावर मोजणी थोडी इकडेतिकडे होते, आणि अनुभवी हातांतही ती पाच अंशांपर्यंत चुकू शकते. म्हणजे पुढच्या वेळी २७ आले तर बाक वाढलाच असे खात्रीने म्हणता येणार नाही आणि २१ आले तर कोणाच्या तेलाने किंवा दाबण्याने तो कमी झाला असेही म्हणता येणार नाही. शक्यतो त्याच ठिकाणी एक्स-रे काढा, जुनी फिल्म बरोबर न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून त्याच मणक्यांवर मोजायला सांगा. वारंवार एक्स-रे काढण्याची धास्ती वाटत असेल तर तो समोरून न काढता पाठीमागून काढण्याविषयी विचारा. तसे केल्याने वाढत्या वयातल्या मुलीच्या स्तनांना मिळणारा किरणांचा डोस बराच कमी होतो.

‘नुसते थांबायचे कसे’ हा तुमचा प्रश्न मला समजतो, पण डॉक्टरांनी सांगितलेले थांबणे रिकामे नाही. या आजारात कोनाइतकेच महत्त्व उरलेल्या वाढीला असते. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते तो काळ साधारणपणे पाळी सुरू होण्याच्या थोडा आधीचा असतो, आणि पाळी आल्यावर दोनेक वर्षे वाढ मंदावत चालू राहते. डॉक्टर एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरची वाढही पाहतात आणि तिला शून्य ते पाच असे आकडे देतात, त्याला रिसर चिन्ह म्हणतात. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ पूर्ण. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक असलेल्या मुलांपैकी ज्यांचे रिसर चिन्ह शून्य किंवा एक होते त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांचा बाक वाढला, आणि ज्यांचे ते दोन ते चार होते त्यांच्यात हेच प्रमाण २३ टक्के होते. तुमच्या मुलीची पाळी अजून आलेली नाही, म्हणजे ती बहुधा पहिल्या गटात मोडते. मी हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. चार महिन्यांची तारीख परीक्षा आहे, प्रवास आहे, पाहुणे आहेत म्हणून सहा किंवा आठ महिन्यांवर ढकलू नये, एवढ्यासाठी सांगते. माझे स्पष्ट मत विचाराल तर पुढची भेट चार महिन्यांच्या थोडी अलीकडे झाली तरी चालेल, पलीकडे जाऊ देऊ नका. तोवर दर महिन्याला दाराच्या चौकटीशी उभे करून तिची उंची पेन्सिलने खूण करून लिहून ठेवा. दोन महिन्यांत उंची एकदम चढलेली दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

ब्रेसची वेळ आली तर काय, हे आताच जाणून घेतलेले बरे. साधारणपणे २५ ते ४० अंशांचा बाक आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस सुचवतात, आणि वाढ फार बाकी असेल तर काही डॉक्टर त्याच्या थोडे आधीही सुचवतात. ब्रेसने कणा कायमचा सरळ होत नाही. वाढीच्या काळात बाक पुढे जाऊ नये आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ नये, हा त्याचा हेतू असतो. ब्रेसचा उपयोग होतो की नाही याविषयी डॉक्टरांमध्येच वर्षानुवर्षे वाद होता. तो बऱ्याच अंशी २०१३ मध्ये मिटला, जेव्हा अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये दहा ते पंधरा वर्षांच्या, २० ते ४० अंशांचा बाक असलेल्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, केवळ लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा राहिला. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा संवेदक बसवलेला होता, त्यामुळे मुले खरोखर किती तास तो घालतात हे कळले, आणि दिवसाला सरासरी तेरा तास किंवा अधिक घालणाऱ्यांमध्ये यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. या आकड्यांतून दोन्ही बाजू घ्याव्यात. ब्रेसशिवायही जवळजवळ निम्म्या मुलांचे ठीकच झाले, म्हणून प्रत्येक बाकाला ब्रेस लागतोच असे नाही. आणि ज्यांना तो लागतो त्यांच्या बाबतीत कपाटात पडलेला ब्रेस काहीही करत नाही.

तो घालणे सोपे नाही, हे मी अशा मुलींकडूनच शिकले. पहिल्या पंधरवड्यात कंबरेवर आणि बरगड्यांवर दाबाच्या जागा लाल होतात. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक, न गेली किंवा कातडी सोलली तर तो बनवणाऱ्याकडून लगेच दुरुस्त करून घ्यावा. आत शिवण नसलेला, अंगाला चिकटून बसणारा सुती, लांब बनियन घालावा, कारण एक चुणीसुद्धा दिवसभरात जखम करते. एवढ्या कष्टांपेक्षाही तिला मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे वर्गातल्या मुलींना ते दिसणे. तास घरी किती आणि शाळेत किती वाटून घ्यायचे, मैत्रिणींना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे तिलाच ठरवू द्या. आईने घड्याळ हातात धरून मोजलेल्या तासांपेक्षा मुलीने स्वतः वहीत लिहिलेले तास जास्त टिकतात.

शस्त्रक्रियेचा विचार बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला तरच होतो. तुम्ही त्याच्यापासून बऱ्याच दूर आहात, म्हणून त्यावर इथे फार लिहीत नाही. इतकेच सांगते की वाढ पूर्ण झाल्यावर ३० अंशांच्या आतले बाक बहुतेक वेळा तिथेच थांबतात आणि ५० च्या पुढचे मात्र मोठेपणीही हळूहळू, वर्षाला अंशभर, सरकत राहतात. आजची सगळी धडपड या दोन आकड्यांमधल्या जागेसाठी आहे.

म्हणूनच मणके दाबून देणाऱ्या गृहस्थांकडे नेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. फिरलेला मणका आणि त्याच्याबरोबर वळलेल्या बरगड्या हाताच्या दाबाने जागेवर येत नाहीत. दाबताना येणारा ‘कट्’ आवाज हा सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, हाड सरळ झाल्याचा नव्हे. दोन दिवस पाठ हलकी वाटते, सगळे समाधानी होतात आणि चार महिन्यांची तारीख निघून जाते. वाढीच्या काळातले सहा महिने पुन्हा मिळत नाहीत, आणि माझ्या मते या उपचारांचे सर्वांत मोठे नुकसान तेच आहे. व्यायामाचे म्हणाल तर त्याचे स्थान वेगळे आहे. कातरीना श्रोथ या जर्मन बाईंनी, ज्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता, १९२० च्या दशकात श्वास आणि शरीराची ठेवण यांवर आधारलेली एक पद्धत सुरू केली. तिचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येकीच्या बाकानुसार व्यायाम शिकता येतात. त्यांनी शरीराची ठेवण आणि ताकद सुधारते, काही मुलांमध्ये बाक थोडा आटोक्यात राहतो. ते जरूर करावेत, पण ब्रेसची गरज असताना ब्रेसऐवजी नव्हे.

तिच्या पाठदुखीकडे वळते. किशोरवयातला बाक बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो इतका उशिरा लक्षात येतो. पण त्याच वयाच्या सरळ कण्याच्या मुलांचीही पाठ कधीतरी दुखतेच, म्हणून शाळा किंवा नाच आटोपल्यावर होणारे आणि झोपल्यावर थांबणारे दुखणे काळजीचे नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारे आणि आठवडा-दोन आठवडे न थांबणारे दुखणे, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, चालताना अडखळणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. छातीच्या मणक्यांचा बाक सहसा उजवीकडे असतो. तो डावीकडे असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर मज्जारज्जू पाहण्यासाठी एमआरआय सांगतात. मागे वाकण्याच्या हालचाली वारंवार करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला कधीकधी बारीक तडाही जातो, आणि तुमची मुलगी नाचते म्हणून त्याचा उल्लेख केला. मागे वाकल्यावरच कमरेत खालच्या बाजूला दुखते का, एवढे तिला विचारून ठेवा.

मोठेपणी तिची पाठ दुखेल का, याचे प्रामाणिक उत्तर ‘थोडी जास्त शक्यता आहे’ असे आहे. अमेरिकेतल्या आयोवा येथे उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६१ टक्क्यांनी जुनाट पाठदुखी सांगितली, आणि ज्यांना हा आजार नव्हता अशा त्यांच्याच वयाच्या लोकांपैकी ३५ टक्क्यांनी. त्या रुग्णांपैकी अनेकांचे बाक तुमच्या मुलीच्या दुप्पट-तिप्पट होते, त्यांच्यावर काहीच उपचार झालेले नव्हते, आणि तरीही रोजची कामे करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. बाक २५-३० च्या आसपास थांबला तर तिच्या वाट्याला येणारी पाठदुखी इतरांच्या पाठदुखीहून फार वेगळी असण्याचे कारण नाही.

आणि इतरांची पाठदुखी म्हणजे तुमची, ताई. तुम्ही तुमच्या कमरेचे सगळे दुखणे एमआरआयच्या एका ओळीत बसवून टाकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे बोट दाखवता येईल असा एक बिघाड सापडत नाही. स्नायू, सांधे, गाद्या, झोप, ताण, बैठे किंवा एकाच ठेवणीतले काम, असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. लोक म्हणतात ‘मणक्यात गॅप आला’ किंवा ‘गादी सरकली’, आणि हे शब्द ऐकले की माणसाला आपला कणा पत्त्यांच्या बंगल्यासारखा वाटू लागतो. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या. चाळिशीत त्यांच्यातल्या ६८ टक्के लोकांची गादी झिजलेली दिसली आणि ५० टक्के लोकांची फुगून बाहेर आलेली. तुमच्या वयाच्या, मजेत चालणाऱ्या दोन बायकांना एमआरआयमध्ये घातले तर त्यांतल्या एकीच्या अहवालात तुमचीच ओळ निघेल. केस पांढरे होतात तशा गाद्याही वयाने बदलतात.

गादीचे खरे दुखणे असते ते वेगळे बोलते. नस दाबली गेली की कळ कुल्ल्यातून मांडीमागे आणि पोटरीखाली पावलापर्यंत जाते, खोकल्यावर वाढते, पाय बधिर होतो. त्यालाच सायटिका म्हणतात आणि तीही बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. तुमच्या पायात कळ जात नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. उतारवयात मणक्यांमधली नळी अरुंद झाली तर चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकले किंवा बसले की बरे वाटते. तरुणपणी सुरू झालेले, पहाटे जागे करणारे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडवणारे आणि हालचालीने सैल होणारे दुखणे हे सांध्यांच्या दाहाचे असू शकते आणि त्याची औषधे निराळी असतात. मूतखड्याची कळही कमरेत येते, पण ती बसू-उठू देत नाही. पडल्यानंतरचे तीव्र दुखणे, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या वयात, ताप आणि वजन घटण्याबरोबरचे दुखणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्यांचे दुखणे, यांची तपासणी वेळेत व्हायला हवी, कारण क्षयरोग किंवा कर्करोगही मणक्यात उतरतो. आणि बसण्याच्या जागेवरची संवेदना जाणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे हे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही.

मग तुमच्या कमरेला काय झाले आहे? सहा वर्षांपूर्वी बहुधा एखादी उसण भरली असेल, जी आपोआप गेली असती. तिच्यावर अहवाल आला, अहवालावर पट्टा आला आणि पट्ट्यावर वाकण्याची भीती बसली. ज्या स्नायूंनी कंबर धरायची त्यांना पट्ट्याने बसवून ठेवले आणि न वाकल्याने कंबर आखडली. पट्टा एकदम टाकू नका. दर आठवड्याला तासभर कमी करत दोन महिन्यांत सोडा. रोज अर्धा तास चाला, सुरुवातीला दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांत चालले तरी हरकत नाही. पलंगावर उताणे झोपून गुडघे दुमडायचे आणि श्वास सोडत कंबर उचलायची, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याने त्यात हातापायांवर ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करण्याचा व्यायाम घाला. बसायचे किंवा उभे राहायचे काम असेल तर अर्ध्या तासाने ठेवण बदला, कारण तुमच्या पाठीला ताठ बसण्यापेक्षा बदलत बसणे अधिक मानवेल. पहिले दोन-तीन आठवडे थोडे दुखेल, त्याने काही मोडत नाही. महिनाभरात सुधारणा दिसली नाही तर फिजिओथेरपिस्टला गाठा, नव्या एमआरआयला नको.

तुमचा कणा वाकडा आहे का, ही शंका एका संध्याकाळी फिटेल. मुलीलाच सांगा, ‘आता तू माझी पाठ बघ’, आणि तिच्यासमोर पाय जोडून वाका. उंचवटा दिसला तर एक उभा एक्स-रे काढून घ्या, लहान बाक निघाला तरी वरचे सगळे उपाय तेच राहतील. नाही दिसला तर प्रश्न मिटला. तुम्ही सहा वर्षांनी पहिल्यांदा तिच्यासमोर वाकाल, हेही मला मोलाचे वाटते.

शेवटच्या ओळीला उत्तर द्यायचे राहिले आणि ते जिने विचारले तिलाच देते. नाच सोडू नकोस. तुझा बाक नाचण्याने आलेला नाही आणि न नाचण्याने जाणार नाही. बर्लिनमध्ये २००९ साली १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावलेल्या उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे आणि त्याने पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट ठेवून आपली धाव सांभाळली, हे त्याने स्वतः सांगितले आहे. मागे वाकताना कमरेत टोचले तर शिक्षकांना सांगून तेवढी हालचाल थांबव आणि डॉक्टरांना कळव, बाकीचा नाच चालू ठेव. उद्या ब्रेस लागलाच आणि डॉक्टरांनी दिवसाचे अठरा तास सांगितले, तर चोवीसातले सहा तास उरतात. आंघोळीला अर्धा तास धर, आणि उरलेल्या वेळात सर्वांत आधी नाचाचा तास लिही.